सतरा नंबरचं कुलूप

१

लगद्याच्या हौदात मुकादमाचा देह सापडला तेव्हा रविवारचे साडेनऊ वाजले होते. हौद म्हणजे दोन पुरुष खोल लोखंडी टाकी. वरून रद्दी आणि पाणी पडतं, तळाशी पोलादी पातं गरगर फिरतं आणि रद्दीची पेज होते. त्या पेजेचा पुठ्ठा. रद्दीच्या गठ्ठ्यांना बांधलेल्या तारा पात्यात गुंतल्या की कुणीतरी शिडी लावून खाली उतरायचं आणि त्या कापायच्या. मुकादम त्यासाठीच उतरला होता. तो खाली असताना कुणीतरी पातं चालू केलं आणि मग बंद केलं.

निरीक्षकबाई अकराच्या सुमारास पोचल्या. कारखान्यांतली यंत्रं सुरक्षित आहेत की नाहीत हे बघणं त्यांचं काम. त्या हौदाकडे गेल्याच नाहीत, आधी भिंतीवरच्या खटक्याच्या पेटीकडे गेल्या. याच खटक्याने पातं सुरू होतं, दुसरीकडून कुठूनही नाही. पेटीला कुलूप होतं आणि फौजदार ते तोडायला मोठी कातर मागवून उभे होते.

"हात लावू नका त्याला," बाई म्हणाल्या.

"मॅडम, किल्ली कुणाकडेच नाही. तोडायलाच लागणार."

"किल्ली मिळेपर्यंत थांबा. तोडलेलं कुलूप काही बोलत नाही."

पुठ्ठ्याच्या गिरणीत एक नियम नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात. हौदात उतरण्याआधी खटका पाडायचा, पेटीला स्वतःचं कुलूप ठोकायचं आणि किल्ली स्वतःच्या अंगावर ठेवायची. प्रत्येकाचं कुलूप वेगळं, त्यावर त्याचा नंबर ठोकलेला. तुमचं कुलूप पेटीवर आहे तोवर पातं फिरवणारा अजून जन्माला यायचाय.

मुकादमाचा नंबर एक. पेटीवरच्या कुलपावर मात्र सतरा होतं. बाईंनी रुमालाने त्याच्यावरचा लगदा पुसला आणि पुन्हा बघितलं. सतराच.

सतरा नंबरचा माणूस अकरा वर्षांपूर्वी याच हौदात मेला होता. त्याने कुलूप लावलंच नव्हतं, त्याचाच निष्काळजीपणा त्याला नडला, असा अहवाल झाला होता. तो अहवाल निरीक्षकबाईंनी लिहिला होता, नोकरीला जेमतेम तीन महिने झालेले असताना.

२

"सरळ प्रकरण आहे," फौजदार म्हणाले. त्यांना रविवारचं जेवण घरी घ्यायचं होतं हे दिसतच होतं. "सुट्टीच्या दिवशी साफसफाईला गिरणीत चारच माणसं. मुकादम, वायरमन, मॅनेजर आणि रद्दी निवडणारी ती वहिनी. वहिनी कोण, तर सतरा नंबरची बायको. नवऱ्याच्या मरणाचा राग मुकादमावर. आज संधी साधली, पातं फिरवलं आणि नवऱ्याचं कुलूप ठोकून सगळ्यांना दाखवून दिलं."

"आणि मुकादमाचं स्वतःचं कुलूप?"

"त्याच्याच अवजारांच्या पेटीत. उघडं, किल्ली त्यातच. म्हणजे लावलंच नव्हतं. तीस वर्षं एकच काम केलं की माणूस ढिला पडतो."

मॅनेजर मागे उभे होते. इस्त्रीचा सदरा, डोळे लाल. ते हळहळत्या सुरात म्हणाले, "मॅडम, मी त्या बाईला कामावर घेतलं ते दया म्हणून. नवऱ्याचं कुलूप ती जपून ठेवील आणि त्याचा असा उपयोग करील असं वाटलं नव्हतं. त्याच्या वस्तूंबरोबर तुम्हीच तिला दिलं होतंत ना ते?"

आपण ते दिलं नव्हतं हे बाईंना आठवत होतं, पण अकरा वर्षांपूर्वीच्या आठवणीवर कुणाला फासावर चढवता येत नाही आणि कुणाला सोडवताही येत नाही.

फौजदार मुकादमाच्या अंगावर सापडलेल्या वस्तूंची यादी वाचू लागले. "चष्मा, फुटलेला. रुमाल. तंबाखूची डबी. सुतळीत ओवलेली किल्ली एक, घराची असावी."

बाईंनी यादी त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. "काय म्हणालात?"

"किल्ली. घराची असावी."

हेच शब्द. अगदी हेच. बाईंना हे शब्द कुठे वाचले ते आठवायला वेळ लागला नाही, कारण ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. त्यांना फौजदारांचा राग आला, आणि त्याहून दसपट स्वतःचा.

"वहिनींना अजून गाडीत घालू नका," त्या म्हणाल्या. "मला आधी त्यांच्याशी बोलायचंय."

३

रद्दी निवडायच्या शेडमध्ये वहिनी एका गठ्ठ्यावर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, हात शाईने काळे पडलेले. दाराशी एक शिपाई. त्या घाबरलेल्या नव्हत्या, वैतागलेल्या होत्या.

"तुम्हाला ओळखते मी," त्या बाईंना म्हणाल्या. "तुम्हीच आला होतात तेव्हा. तुमच्या हातात वही होती आणि तुम्ही सारख्या घड्याळाकडे बघत होतात."

बाईंनी ते ऐकून घेतलं. "मुकादमावर राग होता तुमचा?"

"मुकादमावर कशाला? तो बिचारा दर महिन्याला विचारायचा, वहिनी, काही अडलंनडलं? माझा राग माझ्या माणसावर आहे." वहिनींचा आवाज चढला. "एक कुलूप. साधं एक कुलूप लावायला काय झालं होतं त्याला? घरी आम्हाला शिकवायचा, गॅस बंद केला का, कडी लावली का. आणि स्वतः? मुलगी नऊ वर्षांची होती. मी तिला सांगितलं, तुझा बाप आपल्या चुकीने मेला, तू तशी बेफिकीर होऊ नकोस. त्याचं नाव काढलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कागदावर सरकारने लिहून दिलंय ना, निष्काळजीपणा म्हणून. तुम्हीच दिलंत."

फौजदारांच्या सगळ्या हिशेबाचा पायाच इथे ढासळत होता. ही बाई सूड घेणार तरी कुणाचा? तिने अहवालातला शब्द न् शब्द खरा मानला होता.

"त्याच्या वस्तूंबरोबर कुलूप मिळालं होतं तुम्हाला?"

"कुलूप नाही. चपला, घड्याळ आणि काळ्या दोरीतली एक किल्ली."

"कसली किल्ली?"

दाराशी उभ्या शिपायाकडे बघून वहिनींनी आवाज उतरवला. "तेच तर. घरातल्या एकाही कुलपाला ती लागेना. कपाटाला नाही, ट्रंकेला नाही. गळ्यात बांधून हिंडायचा आणि बायकोला माहीत नाही. मी काय समजायचं बाई? दुसरं घर असेल कुठेतरी, असंच समजले. कुणाला बोलले नाही. बटणांच्या डब्यात टाकून दिली."

"आहे अजून डब्यात?"

"असेल. कशाला हवीय?"

बाईंनी शिपायाला तिथल्या तिथे वहिनींच्या घरी पिटाळलं. दार उघडायला मुलगी आहे, तिला फक्त बटणांचा डबा माग, दुसरं एक अक्षर बोलू नकोस, असं बजावलं. मग त्या शेडच्या बाहेर आल्या आणि वायरमनला शोधायला निघाल्या.

४

वायरमन फ्यूजच्या खोलीत बिडी विझवत होता. मुकादमाचं नि आपलं जमत नव्हतं हे त्याने न विचारताच सांगून टाकलं. "सगळ्या गिरणीला ठाऊक आहे. मी लपवून काय करू? कटकट्या माणूस. माझं कुलूप लागलंय का ते तीन-तीनदा ओढून बघायचा. म्हणायचा, एकदा पाप झालंय, पुन्हा नको."

"पाप म्हणाला?"

"हो. मला वाटायचं, सतराच्या वेळी त्याची पाळी होती म्हणून मनाला लावून घेतलंय."

"मग असा माणूस आज कुलूप न लावता खाली उतरेल?"

वायरमनने मान हलवली. "मॅडम, तो एक वेळ पायजमा न घालता उतरेल." मग त्याला आपल्या बोलण्याची लाज वाटली. "पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होता. परवा म्हणाला, जाण्याआधी वहिनींना एक गोष्ट सांगून मोकळं व्हायचंय. मी विचारलं काय, तर म्हणे आधी मॅनेजरसाहेबांच्या कानावर घातलंय, त्यांना न विचारता बोललो तर बरं दिसणार नाही."

तीस वर्षांची चाकरी अंगात इतकी मुरलेली, की सदसद्विवेकबुद्धी जागी झाली तरी तिने आधी साहेबांची परवानगी मागितली. त्या भल्या माणसाचा त्यांना इतका राग आला की रडूच फुटेल असं वाटलं.

त्या तिथून थेट आपल्या कचेरीत गेल्या, रखवालदाराला दप्तरखाना उघडायला लावला आणि अकरा वर्षांपूर्वीची फाइल काढली. अक्षर तेव्हा नीटनेटकं होतं, वळणदार. मृताच्या अंगावरील वस्तू : चपला एक जोड, मनगटी घड्याळ एक, काळ्या दोरीत किल्ली एक (घराची असावी). आणि पुढे : कुलूप क्रमांक सतरा मृताच्या अवजारपेटीत उघडे, किल्लीसह आढळले. सबब ते लावलेच नव्हते.

फाइलला दोन कागद जोडलेले होते. दोन्हींवर एकच झोकदार सही होती. बाईंनी ते वाचले, फाइल काखेत मारली आणि त्या गिरणीकडे परतल्या.

५

मॅनेजरच्या केबिनमध्ये टेबलावर मुकादमाचं कुलूप ठेवलेलं होतं, उघडं, किल्ली त्यात खोचलेली.

"फौजदारसाहेब, ती किल्ली काढून दाखवा," बाई म्हणाल्या.

फौजदारांनी ओढली. निघेना. जोर लावला, तरी निघेना.

"ही कुलुपं मुद्दाम अशी बनवतात. उघडं असताना किल्ली निघत नाही. बंद केलं तरच किल्ली हातात येते. म्हणजे उघड्या कुलपाची किल्ली कुलपातच असणार, आणि एखाद्याच्या अंगावर किल्ली सापडली तर त्याने कुलूप बंद केलेलं असणार. आता ते बंद करा."

फौजदारांनी कडी दाबली, किल्ली फिरवून बाहेर काढली. बाईंनी मुकादमाच्या सुतळीतली किल्ली घेतली, यादीत 'घराची असावी' म्हणून लिहिलेली तीच, आणि कुलपात घालून फिरवली. कुलूप खटकन उघडलं.

घरच्या जेवणाचा विचार फौजदारांच्या तोंडावरून पार गेला होता.

"मुकादम कुलूप लावूनच खाली उतरला," बाई म्हणाल्या. "किल्ली त्याच्याजवळच होती. कुणीतरी दुसऱ्या किल्लीने त्याचं कुलूप काढलं, पातं फिरवलं, आणि ते कुलूप त्या दुसऱ्या किल्लीसकट अवजारांच्या पेटीत टाकलं. न लावलेलं कुलूप जसं दिसतं तसं. अकरा वर्षांपूर्वी नेमकं हेच केलं होतं. तेव्हा खपलं, म्हणून आजही खपेल असं वाटलं."

शिपाई बटणांचा डबा घेऊन दारात आला होता. बाईंनी काळ्या दोरीतली किल्ली शोधली आणि सगळे खटक्याच्या पेटीपाशी गेले. वायरमन तिथेच उभा होता. बाईंनी किल्ली भोकात घालून फिरवली. सतरा नंबरचं कुलूप उघडलं.

"हं. मग झालंच की," मॅनेजर म्हणाले. "किल्ली त्या बाईच्याच घरी निघाली."

"किल्ली निघाली, पण बटणांच्या डब्यातून. सकाळपासून ती इथे आणि डबा घरी. आज हे कुलूप ज्याने ठोकलं त्याच्याकडे याची दुसरी किल्ली होती." बाईंनी फाइल उघडली. "आणि कुलूप? तुम्ही म्हणालात, मी वहिनींना दिलं. हा पहिला कागद. कुलूप क्रमांक सतरा, किल्लीसह परत मिळाले. सही कुणाची?"

मॅनेजरनी कागदाकडे न बघता सदऱ्याची बाही सारखी केली.

"हा दुसरा कागद. सर्व कुलपांच्या जादा किल्ल्या माझ्या समक्ष वितळवून नष्ट केल्या आहेत. सही कुणाची? त्या किल्ल्या ज्याच्या ताब्यात होत्या त्याचीच. आज मुकादमाच्या कुलपात जी जादा किल्ली आहे ती मग कुठून उगवली?"

"मॅडम." त्यांचा आवाज एकदम खाली आला, मऊ झाला. "जरा विचार करा. हे उकरलंत तर पहिली सही तुमची निघेल. मला काय, मी वकील देईन. तुम्ही मात्र अकरा वर्षं एका खोट्या अहवालावर बसला होतात, हे सगळ्या खात्याला कळेल. नोकरी राहील तुमची?"

बाईंना खरं तर त्याच्या कानाखाली वाजवायची होती. "माझी सही मला वाचता येते," त्या म्हणाल्या. "फौजदारसाहेब, यांचं कपाट उघडा."

फौजदारांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. केबिनमधल्या कपाटाच्या तळच्या खणात, जुन्या कॅलेंडरांच्या गुंडाळीत, तारेत ओवलेल्या किल्ल्या निघाल्या. प्रत्येकीवर नंबर. दोनपासून चोवीसपर्यंत एकेक मोजली. एक नंबरची नव्हती आणि सतरा नंबरची नव्हती. एक नंबरची मुकादमाच्या कुलपाबरोबर टेबलावरच होती. सतरा नंबरची, मॅनेजरने हौदात फेकलेली, वायरमनने तासाभरात हौदाच्या तळच्या गाळातून उपसून आणली. लगद्यात जड लोखंड टाकलं तर ते तिथेच जाऊन बसतं, पण हे कळायला कधीतरी हौदात उतरलेलं असावं लागतं.

आता मॅनेजरला अहो-जाहो करायचं काही कारण उरलं नव्हतं. तो खुर्चीत बसला आणि बोलायला लागला, गयावया न करता, उलट चिडून, जणू त्याच्यावरच अन्याय झाला होता. "माणसं कुलूप ठोकतात आणि चहाला निघून जातात. तासभर यंत्र उभं. म्हणून ठेवायच्या किल्ल्या, सगळेच ठेवतात. त्या दिवशी मला वाटलं तो वर आलाय आणि कुलूप विसरलाय. मी हाकसुद्धा मारली होती."

"किती वेळा?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"हाक किती वेळा मारलीस? की एकदाच मारून खटका ओढलास?"

मुकादमाने तेव्हा ते पाहिलं होतं आणि तो गप्प बसला होता. आता त्याला बोलायचं होतं, आणि बोलण्याआधी तो रीतसर परवानगी मागायला याच केबिनमध्ये आला होता.

६

वहिनींना सोडलं तेव्हा चार वाजून गेले होते. बाईंनी त्यांना शेडमध्येच सगळं सांगितलं. उभ्या राहून सांगितलं, बसायचा धीर झाला नाही. तुमच्या माणसाने कुलूप लावलं होतं. किल्ली गळ्यात बांधली होती, कारण नियमच तसा होता. ती कुठल्या दुसऱ्या घराची नव्हती. मी ती नुसती एकदा लावून बघितली असती, दोन मिनिटांचं काम होतं, तर त्याच दिवशी सगळं कळलं असतं. मी बघितली नाही. मला घाई होती.

वहिनींनी आपली काळी बोटं पदराला पुसली.

"अकरा वर्षं मी त्याला शिव्या घातल्या," त्या म्हणाल्या. "रोज. स्वयंपाक करताना, केस विंचरताना. मेलेल्या माणसाला. आणि तो तर सगळं नीट करून खाली उतरला होता."

"मी अहवाल बदलून देणार आहे. उद्याच. माझी चूक होती असं लिहून."

"उद्या लिहा नाहीतर परवा लिहा, ते तुमचं तुम्ही बघा. माफी मागायला लागलात तर मात्र उठून जाईन." वहिनींनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. त्या नजरेत रागाशिवाय काही नव्हतं, आणि तो राग इतक्या वर्षांनी योग्य जागी येऊन पोचला होता. "माझ्या मुलीला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. मी सांगितलं तर ती मला विचारील, तू ते खरं कसं मानलंस? मला त्याचं उत्तर नाही."

दोघी वहिनींच्या घरी चालत निघाल्या. रस्ता वीस मिनिटांचा होता. तिसऱ्या मजल्यावर वहिनी जिन्यातच थांबल्या, कठड्याला धरून. बाईंनी एकटीने दार वाजवलं.

वीस वर्षांची मुलगी. हातात पुस्तक, कपाळावर आठ्या. दुपारी एक पोलीस शिपाई येऊन फक्त बटणांचा डबा घेऊन गेला होता आणि तेव्हापासून ती भांडायच्या तयारीत बसलेली दिसत होती.

"आई कुठाय? काय केलं तिने?"

"आई जिन्यात आहे. तिने काही केलेलं नाही," बाई म्हणाल्या. "मी तुझ्या वडिलांबद्दल सांगायला आले आहे. त्यांनी त्या दिवशी कुलूप लावलं होतं. त्यांची काही चूक नव्हती. दुसऱ्याने ते काढलं."

मुलीने पुस्तक बंद केलं आणि खाली ठेवायला जागा सापडेना म्हणून छातीशी धरलं.

"लावलं होतं?"

"हो."

"मग लावलं नव्हतं असं कुणी सांगितलं?"



"मी," निरीक्षकबाई म्हणाल्या.